केटामाइनच्या नशेमुळे होणारे मूत्राशयाचे विकार

शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्यासाठी जगभर वापरले जाणारे केटामाइन हे औषध नशेसाठी वारंवार घेतल्यास मूत्राशयाला गंभीर आणि काही वेळा कायमची इजा होते, ही बाब वैद्यकीय नियतकालिकांतून २००७ पासून पुढे आली आहे. ऐन पंचविशीतील व्यक्तीला दर पंधरा-वीस मिनिटांनी लघवीस जावे लागणे, लघवीवाटे रक्त पडणे, ओटीपोटात असह्य वेदना होणे आणि उपचार न झाल्यास मूत्रपिंडांवर परिणाम होणे, असा या विकाराचा क्रम असतो. नशा वेळीच थांबवल्यास ही इजा बऱ्याच अंशी भरून निघू शकते. मात्र सुरुवातीची लक्षणे मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गासारखी आणि पुढची लक्षणे क्षयरोगासारखी दिसतात. रुग्णाने नशेची माहिती दडवल्यास निदान लांबते, आणि या विकारात विलंबाची किंमत मूत्राशय गमावून मोजावी लागते.

खिदिरपूरची गोदी आणि पूर्वेकडचा जुना मार्ग

कोलकाता शहराच्या नैर्ऋत्येस हुगळी नदीकाठी वसलेले खिदिरपूर हे गोदीचे गाव म्हणून ओळखले जाते. आजची खिदिरपूर गोदी १८९२ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे आधी कर्नल हेन्री वॉटसन यांनी येथे जहाजबांधणीचा कारखाना उभारला होता. तेथे बांधलेले ‘नॉनसच’ हे जहाज १७८१ मध्ये पाण्यात उतरले आणि पुढच्याच वर्षी वॉरन हेस्टिंग्ज यांच्या बंगाल सरकारने त्याच जहाजातून चीनकडे अफू रवाना केली. चीनमध्ये त्या काळी अफूच्या आयातीस बंदी होती. पुढे एकोणिसाव्या शतकात बंगाल-बिहारची अफू कोलकात्याहून आणि माळव्याची अफू मुंबईहून पर्ल नदीच्या मुखाशी पोहोचत राहिली. या व्यापारातून पेटलेल्या पहिल्या अफू युद्धानंतर १८४२ मध्ये हाँगकाँग बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेले.

या इतिहासाचा उल्लेख येथे करण्याचे कारण असे, की २००० नंतरच्या दशकात एका वेगळ्या पदार्थाचा प्रवाह त्याच दिशेने वाहू लागला. भारतात औषध म्हणून कायदेशीररीत्या तयार होणारे केटामाइन विमानप्रवाशांच्या सामानातून व कुरिअरच्या पुडक्यांतून पूर्व आणि आग्नेय आशियात जाऊ लागले. आंतरराष्ट्रीय अंमली पदार्थ नियंत्रण मंडळाने आपल्या अहवालांत या चोरट्या व्यापाराचा एक प्रमुख स्रोत म्हणून भारताचा उल्लेख वेळोवेळी केला. त्याच काळात हाँगकाँगमध्ये २१ वर्षांखालील नशेखोरांमध्ये केटामाइन हा सर्वाधिक वापरला जाणारा पदार्थ ठरला होता. मूत्राशयाच्या या विकाराचे सर्वांत मोठे प्रारंभीचे वर्णनही हाँगकाँगमधूनच आले.

औषध म्हणून केटामाइन

केटामाइनचा शोध १९६२ मध्ये अमेरिकेतील पार्क-डेव्हिस या औषध कंपनीसाठी काम करणारे रसायनशास्त्रज्ञ कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी लावला. फेनसायक्लिडिन या भुलीच्या औषधाने रुग्ण शुद्धीवर येताना भ्रमिष्ट होत असत. त्याला पर्याय म्हणून हे नवे द्रव्य तयार करण्यात आले. १९६४ मध्ये ते प्रथम माणसाला देण्यात आले आणि १९७० मध्ये अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांसाठी त्याचा मोठा उपयोग झाला.

या औषधाचे वैशिष्ट्य असे, की योग्य मात्रेत ते दिले असता रुग्णाचा श्वास सहसा मंदावत नाही आणि रक्तदाबही खाली येत नाही. त्यामुळे कृत्रिम श्वासोच्छ्वासाची यंत्रे नसलेल्या ग्रामीण रुग्णालयांत, अपघातस्थळी, भाजलेल्या रुग्णांचे ड्रेसिंग करताना आणि लहान मुलांच्या शस्त्रक्रियांत ते मोलाचे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे. पशुवैद्यकातही त्याचा सर्रास वापर होतो. मनुष्यवस्तीत शिरलेल्या बिबट्याला बेशुद्ध करण्यासाठी वन विभागाची पथके झायलाझिन व केटामाइन यांचे मिश्रण वापरतात.

औषधोपचारासाठी केटामाइन घेतलेल्या रुग्णांनी मूत्राशयाच्या विकाराची धास्ती घेण्याचे कारण नाही. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला भूल देताना शिरेवाटे साधारणपणे ६० ते १२० मिलिग्रॅम औषध दिले जाते आणि तेही एखाद्या वेळीच. नियमित नशा करणारी व्यक्ती मात्र दिवसाला एक किंवा अनेक ग्रॅम केटामाइन घेते आणि असे महिनोन्‌महिने चालू राहते. दोन्हींतील फरक कित्येक पटींचा आहे. तथापि, नैराश्य किंवा दीर्घकालीन वेदना यांवरील उपचारात केटामाइन पुन्हा पुन्हा द्यावे लागते, तेव्हा रुग्णाला लघवीच्या तक्रारींविषयी विचारत राहणे आवश्यक असल्याचे तज्ज्ञ सांगतात.

नशेच्या बाजारात ‘के’, ‘स्पेशल के’ किंवा ‘व्हिटॅमिन के’ या नावांनी ओळखला जाणारा हा पदार्थ बहुधा पांढऱ्या पुडीच्या रूपात नाकाने ओढला जातो. त्याने शरीर आणि मन एकमेकांपासून सुटे झाल्याचा भास होतो. शरीराला त्याची लवकर सवय होत असल्याने तोच परिणाम मिळवण्यासाठी मात्रा वाढवावी लागते. अल्पकाळ टिकणारी आणि दुसऱ्या दिवशी फारसा त्रास न देणारी ‘सौम्य’ नशा, असा समज तरुणांमध्ये पसरण्यास हेच अल्पकाळ टिकणे कारणीभूत ठरले. मूत्राशयाला होणारी इजा लगेच जाणवत नसल्याने हा समज दीर्घकाळ टिकून राहिला.

विकाराची पहिली नोंद

केटामाइन वापरात आल्यानंतर जवळजवळ चार दशके त्याचा मूत्राशयाशी संबंध कोणाच्याही लक्षात आला नव्हता. २००७ मध्ये कॅनडातील टोरांटो येथील डॉक्टरांनी ९ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. हे सर्वजण दररोज केटामाइन घेत असत. त्यांच्या मूत्राशयाची भिंत जाड झाली होती आणि आतील अस्तरावर व्रण पडले होते. लघवीच्या तपासणीत मात्र जंतू सापडत नव्हते. त्याच वर्षी हाँगकाँगमधील डॉक्टरांनी अशाच १० रुग्णांची नोंद केली.

हाँगकाँगच्या याच पथकाने २००८ मध्ये ५९ रुग्णांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ४२ जणांच्या मूत्राशयाच्या अस्तराला दुर्बिणीच्या तपासणीत कमी-अधिक दाह आढळला. ३० जणांच्या, म्हणजे निम्म्याहून अधिक रुग्णांच्या, एका किंवा दोन्ही मूत्रपिंडांना लघवी तुंबल्यामुळे सूज आली होती. हा विकार मूत्राशयापुरता मर्यादित राहत नाही, हे या अभ्यासाने स्पष्ट केले.

ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आदल्या वर्षभरात केटामाइन घेतलेल्या १,२८५ व्यक्तींपैकी २६.६ टक्के व्यक्तींनी लघवीची किमान एक तक्रार असल्याचे सांगितले. मात्रा जितकी अधिक आणि सेवन जितके वारंवार, तितक्या तक्रारी अधिक, असा संबंध त्यात आढळला. नशा थांबवल्यानंतरच्या अनुभवाविषयी सांगणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना आराम पडला होता. तक्रारी वाढल्याचे सांगणारे फार थोडे होते.

मूत्राशयात नेमके काय घडते?

शरीरात गेलेल्या केटामाइनचे यकृतात नॉरकेटामाइन व अन्य घटकांत रूपांतर होते. हे घटक मुख्यत्वे लघवीवाटे बाहेर पडतात. लघवी मूत्राशयात काही तास साठून राहत असल्याने मूत्राशयाचे अस्तर या द्रव्यांच्या सतत संपर्कात येते.

निरोगी मूत्राशयाचे अस्तर लघवीला भिंतीत झिरपू देत नाही. केटामाइन व त्यापासून तयार झालेले घटक या अस्तराच्या पेशींना थेट इजा करतात. अस्तर विरळ होते आणि ठिकठिकाणी सोलवटते. त्यानंतर लघवीतील क्षार खालच्या थरांपर्यंत पोहोचून तेथील मज्जातंतू व रक्तवाहिन्यांना चेतवतात. दाह दीर्घकाळ राहिल्यास स्नायूंच्या जागी तंतुमय, ताठर ऊती तयार होतात. रबरी फुग्याप्रमाणे ताणले जाणारे मूत्राशय कातड्याच्या आखडलेल्या पिशवीसारखे होते.

प्रौढ व्यक्तीच्या मूत्राशयात साधारणपणे ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी साठते. या विकारात ही क्षमता १०० मिलिलिटरच्याही खाली येते. काही रुग्णांत ती अर्ध्या कपाहूनही कमी होते. ताठर मूत्राशयातील दाब वाढल्याने लघवी उलट दिशेने मूत्रवाहिन्यांत चढते. मूत्रवाहिन्यांनाही दाह होऊन त्या अरुंद होतात. परिणामी मूत्रपिंडांत लघवी तुंबते आणि त्यांचे कार्य हळूहळू मंदावते.

केटामाइनच्या नियमित सेवनाने यकृत व पित्तनलिकांवरही परिणाम होतो. पोटाच्या वरच्या भागात कळा येणे, पित्तनलिका रुंदावणे आणि रक्तातील यकृतविषयक चाचण्या बिघडणे, हे प्रकार अनेक रुग्णांत मूत्राशयाच्या तक्रारींसोबत आढळतात.

लक्षणे आणि वेदनेचे दुष्टचक्र

प्रारंभी लघवी वारंवार होणे, लघवीची भावना झाल्यावर क्षणभरही थांबता न येणे आणि लघवी करताना जळजळ होणे, ही लक्षणे दिसतात. रात्री झोपेतून अनेकदा उठावे लागते. पुढे मूत्राशय भरू लागताच ओटीपोटात तीव्र कळ येते व लघवी झाल्यावर ती तात्पुरती कमी होते. लघवीतून रक्त, रक्ताच्या गाठी किंवा चिकट पदार्थ पडू लागतो. काहींना लघवीवर ताबा ठेवता येत नाही. प्रवास, शिक्षण, नोकरी या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. बस किंवा लोकल गाडीचा तासाभराचा प्रवासही अशक्य होतो.

या विकारातील सर्वांत घातक बाब म्हणजे वेदना आणि नशा यांचे चक्र होय. केटामाइन हे मुळात प्रभावी वेदनाशामक आहे. मूत्राशय दुखू लागले की ते घेतल्याने काही वेळ आराम वाटतो. त्यामुळे ज्या पदार्थाने इजा केली त्याचाच आधार रुग्ण घेतो आणि मात्रा वाढवत जातो. मौजेसाठी सुरू झालेले सेवन या टप्प्यावर वेदना टाळण्यासाठी चालू राहते. अशा रुग्णाला केवळ ‘व्यसन सोड’ असा उपदेश करणे पुरेसे ठरत नाही. त्याच्या वेदनेवर दुसरा परिणामकारक इलाज त्याच वेळी सुरू करावा लागतो.

उन्हाळी, संसर्ग की क्षयरोग?

लघवीची जळजळ ही आपल्याकडे सर्वपरिचित तक्रार आहे. ‘उन्हाळी लागली’ असे समजून धने-जिऱ्याचे किंवा बार्लीचे पाणी घेणे, ही घरोघरची पहिली पायरी असते. त्याने आराम न पडल्यास औषधाच्या दुकानातून प्रतिजैविके आणली जातात. केटामाइनजन्य दाहात जंतूच नसल्याने प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. एकामागून एक औषधे बदलली जातात आणि या काळात नशा चालूच राहिल्याने मूत्राशयाची भिंत आणखी ताठर होत जाते. स्त्रियांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग मुळातच अधिक आढळत असल्याने त्यांच्या बाबतीत ही गफलत होण्याची शक्यता जास्त असते.

भारतीय परिस्थितीत यापेक्षा गंभीर गफलत क्षयरोगाच्या बाबतीत संभवते. मूत्रपिंड व मूत्राशयाच्या क्षयरोगातही लघवी वारंवार होते व रक्त पडते. लघवीत पूपेशी दिसतात, पण नेहमीच्या कल्चर तपासणीत जंतू वाढत नाहीत. मूत्राशय आखडून लहान होते आणि मूत्रवाहिन्या अरुंद होतात. क्षयरोगाने आखडलेल्या अशा मूत्राशयाला वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत शिंप्याने बोटात घालावयाच्या टोपीची उपमा दिली जाते. केटामाइनने आखडलेले मूत्राशय तंतोतंत असेच दिसू शकते. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात अशा रुग्णाबाबत डॉक्टरांच्या मनात क्षयरोगाची शंका प्रथम येणे स्वाभाविक आहे.

क्षयरोगाचा उपचार किमान सहा महिने चालतो. निदान चुकीचे असल्यास हे महिने वाया जातातच, शिवाय क्षयरोगावरील काही प्रमुख औषधे यकृताला त्रासदायक ठरू शकतात आणि केटामाइन घेणाऱ्याचे यकृत आधीच दुखावलेले असू शकते. म्हणूनच क्षयरोगाच्या जंतूंसाठी लघवीची विशेष तपासणी करणे आणि त्याच वेळी रुग्णाला एकांतात नशेविषयी विचारणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. एक विकार आढळला म्हणून दुसरा नाही, असेही गृहीत धरता येत नाही.

या विकाराचे साम्य कर्करोगाशीही आढळले आहे. मूत्राशयाच्या अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना दाहाने बदललेल्या पेशी प्रारंभिक कर्करोगाच्या पेशींसारख्या दिसू शकतात, असे ब्रिटनमधील विकृतिशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवून दिले. रुग्णाची पूर्वपीठिका तपासणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक असणे त्यामुळेच महत्त्वाचे ठरते.

कोणत्या तपासण्या केल्या जातात?

प्रथम लघवीची साधी तपासणी व कल्चर केले जाते. रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांच्या कार्याचा अंदाज येतो. यकृताच्या चाचण्याही केल्या जातात. सोनोग्राफीत मूत्राशयाच्या भिंतीची जाडी आणि मूत्रपिंडांत लघवी तुंबली आहे किंवा नाही, हे कळते. रुग्णाला दोन-तीन दिवस प्रत्येक वेळी झालेल्या लघवीचे माप व वेळ लिहून ठेवण्यास सांगितले जाते. एका साध्या मापाच्या भांड्याने करता येणारी ही नोंद मूत्राशयाची क्षमता सांगण्यास पुष्कळशी पुरेशी असते. गरजेनुसार सीटी स्कॅन, मूत्राशयातील दाबाची तपासणी आणि दुर्बिणीने आतील अस्तराची पाहणी केली जाते. दुर्बिणीची तपासणी अशा रुग्णांना फार वेदनादायक होत असल्याने ती बहुधा भूल देऊन करावी लागते.

उपचार

सर्व उपचारांचा पाया एकच आहे आणि तो म्हणजे केटामाइन पूर्णपणे थांबवणे. सेवन चालू असताना केलेले अन्य कोणतेही उपचार टिकत नाहीत. प्रारंभीच्या अवस्थेत नशा थांबवल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत लघवीच्या तक्रारी कमी होऊ लागतात. तंतुमय ऊती तयार झाल्यानंतर मात्र मूत्राशय पूर्ववत होण्याची शक्यता कमी होत जाते.

त्याबरोबरच दाह व वेदना कमी करणारी आणि मूत्राशयाचे आकुंचन शिथिल करणारी औषधे दिली जातात. मूत्रपिंडांवर परिणाम झालेला असल्यास काही वेदनाशामके घातक ठरतात, म्हणून ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. या औषधांनी भागले नाही, तर अस्तराला संरक्षण देणारे हायल्युरॉनिक आम्लाचे द्रावण नळीवाटे मूत्राशयात सोडले जाते. काही रुग्णांना मूत्राशयाच्या भिंतीत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने देण्यात येतात. भूल देऊन मूत्राशय पाण्याने हळूहळू ताणण्याचा उपायही केला जातो. मूत्रपिंडांत लघवी तुंबली असल्यास मूत्रवाहिनीत बारीक नळी बसवून किंवा पाठीतून नळी टाकून तिला वाट करून द्यावी लागते.

अखेरच्या टप्प्यात शस्त्रक्रियेचा मार्ग उरतो. आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठे केले जाते, अथवा मूत्राशय काढून टाकून लघवी पोटावरील छिद्रावाटे पिशवीत सोडली जाते. मूत्राशयास आतडे जोडलेल्या काही रुग्णांना स्वतः नळी घालून दिवसातून अनेकदा लघवी काढावी लागते. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा केटामाइन घेतल्यास मूत्रवाहिन्या व मूत्रपिंडांची हानी चालूच राहते. त्यामुळे नशा सुटल्याची खात्री झाल्याखेरीज अशी मोठी शस्त्रक्रिया करण्यास शल्यचिकित्सक तयार नसतात.

हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठाने २०११ मध्ये अशा तरुण रुग्णांसाठी स्वतंत्र उपचार केंद्र सुरू केले. दाहशामक औषधांपासून शस्त्रक्रियेपर्यंत टप्प्याटप्प्याने जाणारी पद्धत तेथे अवलंबण्यात आली. बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेविना सावरता यावे, यासाठी रुग्ण लवकर येणे किती महत्त्वाचे आहे, हे या अनुभवातून अधोरेखित झाले.

भारतातील कायदा आणि जप्तीच्या घटना

भारतात केटामाइन पूर्वी केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या वर्गात होते. १० फेब्रुवारी २०११ च्या अधिसूचनेने त्याचा समावेश गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ या कायद्याखाली करण्यात आला. २०१३ मध्ये ते औषधविषयक नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीत टाकण्यात आले. या अनुसूचीतील औषधासाठी विक्रेत्याला स्वतंत्र परवाना लागतो. डॉक्टरांनी चिठ्ठी दोन प्रतींत द्यावयाची असते आणि त्यांतील एक प्रत विक्रेत्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते.

निर्बंध वाढले तरी चोरटे उत्पादन थांबले नाही आणि त्याची झळ महाराष्ट्र व गोव्यालाही लागली. डिसेंबर २०१३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने जळगाव येथील औद्योगिक वसाहतीतून एक टनाहून अधिक केटामाइन हस्तगत केले. जून २०१८ मध्ये याच संचालनालयाने अनेक राज्यांत एकाच वेळी टाकलेल्या छाप्यांत गोव्यातील पिसुर्ले औद्योगिक वसाहतीचाही समावेश होता. सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय तटरक्षक दलाने कार निकोबारजवळ म्यानमारच्या एका नौकेवरून १,१६० किलो केटामाइन जप्त केले. कोलकात्याहून निघालेली जहाजे ज्या बंगालच्या उपसागरातून पूर्वेकडे जातात, त्याच समुद्रातील ही घटना होती.

आंतरराष्ट्रीय पातळीवर केटामाइनवर कठोर नियंत्रण आणण्याचा प्रस्ताव चीनने मांडला होता. तथापि, तसे केल्यास गरीब देशांतील लाखो रुग्णांना सुरक्षित भूल मिळणार नाही, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने घेतली आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने त्यावरील निर्णय पुढे ढकलला. ब्रिटनने मात्र मूत्राशयाच्या विकाराचे पुरावे विचारात घेऊन २०१४ मध्ये केटामाइनला अधिक कडक अशा ‘बी’ वर्गात टाकले. तरीही इंग्लंडमध्ये केटामाइनच्या व्यसनावर उपचार सुरू करणाऱ्या प्रौढांची संख्या २०१४-१५ मधील ४२६ वरून २०२३-२४ मध्ये ३,६०९ वर गेली. केवळ कायदा कडक केल्याने हा प्रश्न सुटत नाही, असे या आकड्यांवरून दिसते.

उपचारासाठी पुढे येणाऱ्यास कायद्याचे संरक्षण

अनेक रुग्ण पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपासून नशेची माहिती लपवतात. याबाबत १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ ध्यानात घेण्यासारखे आहे. केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याच्या आरोपातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घेण्यास तयार असेल आणि ते पूर्ण करील, तर तिला या कलमाखाली खटल्यापासून सूट मिळू शकते. रुग्णाने सांगितलेली माहिती गोपनीय ठेवणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक कर्तव्यही आहे.

भारतातील व्यसनमुक्तीची यंत्रणा प्रामुख्याने दारू, गांजा व ब्राउन शुगर यांना समोर ठेवून उभी राहिली. केटामाइनच्या रुग्णाला मात्र व्यसनमुक्तीतज्ज्ञ आणि मूत्ररोगतज्ज्ञ या दोघांचीही एकाच वेळी गरज असते. खिदिरपूरच्या रहिवाशांच्या दृष्टीने सोयीची बाब म्हणजे या दोन्ही सेवा त्यांच्या वस्तीपासून जवळच आहेत. कोलकात्यात पी. जी. हॉस्पिटल या नावाने परिचित असलेल्या शासकीय एसएसकेएम रुग्णालयात मूत्ररोग विभाग आहे आणि त्याच्याशी संलग्न मनोविकार संस्था त्याच परिसरात आहे. महाराष्ट्रात पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून कार्यरत आहे आणि मोठ्या शासकीय व महापालिका रुग्णालयांत मूत्ररोग व मानसोपचार विभाग उपलब्ध आहेत.

नागरिकांनी काय लक्षात ठेवावे?

तरुण व्यक्तीला लघवीचा त्रास वारंवार होत असेल, प्रतिजैविकांनी आराम पडत नसेल आणि कल्चरमध्ये जंतू सापडत नसतील, तर मूत्ररोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. लघवीतून रक्त जाणे, कमरेच्या वरच्या बाजूस दुखणे, ताप येणे किंवा लघवीचे प्रमाण घटणे ही मूत्रपिंडांवर परिणाम होत असल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी रुग्णालयात विनाविलंब जावे.

घरातील मुलगा किंवा मुलगी वरचेवर स्वच्छतागृहात जात असेल, प्रवास टाळत असेल, पाणी पिणे जाणूनबुजून कमी करत असेल, तर पालकांनी रागावण्याऐवजी विश्वासात घेऊन विचारपूस करावी. पाणी कमी प्यायल्याने लघवी अधिक तीव्र होते आणि जळजळ वाढतेच. औषधविक्रेत्यांनी लघवीच्या तक्रारीसाठी चिठ्ठीविना प्रतिजैविके पुन्हा पुन्हा मागणाऱ्या ग्राहकास डॉक्टरांकडे पाठवावे. डॉक्टरांनी पूर्वपीठिका घेताना तंबाखू व मद्य यांच्या प्रश्नांसोबत केटामाइनचा प्रश्नही, नातेवाईक समोर नसताना, विचारावा.

व्यसनमुक्तीविषयी मोफत मार्गदर्शनासाठी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी उपलब्ध आहे. अंमली पदार्थांविषयी माहिती देण्यासाठी व मदतीसाठी १९३३ हा क्रमांक २०२४ पासून कार्यान्वित झाला आहे, तर मानसिक आरोग्यविषयक सल्ला टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मिळतो.